नजरअंदाज

परभणीत जमिनीच्या दलालांची वानवा नाही. वसमत रोडच्या कुठल्याही टपरीवर चहाला बसा, शेजारचा माणूस दोन घोट झाले की खिशातून लेआउटचा नकाशा काढून तुमच्या मांडीवर पसरतो. पण दैवशालासारखी बाई त्यांत दुसरी नव्हती. हे तिचा नवरा रंगनाथ सांगायचा, आणि नवरा असूनही ते खरं होतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. उगाच कुणाला पैकीच्या पैकी देणारा नव्हे.

बाकीचे दलाल रानात गेले की मातीकडे बघतात, विहिरीत डोकावतात, डांबरी रस्ता किती लांब ते विचारतात. ही बाई बघायची ती बघणाऱ्यांकडे. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की त्याची मान पहिल्यांदा कुठं वळते, त्याची बायको पदर नाकाला लावते का, म्हातारी आई कुठं टेकायला जागा शोधते. तेवढ्यावरून तिला कळायचं, सौदा होणार की चहापाण्यावारी जाणार.

"सर," ती म्हणायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती नवऱ्याला सरच म्हणायची, आणि त्यात निम्मी थट्टा असायची. "सर, जमीन काय, समदी सारखीच काळी. भाव जमिनीत नसतोय, बघणाराच्या डोळ्यात असतोय. अन् धोकाबी तिथंच असतोय."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं हो! गंगाखेड रोडला मसणवट्याला लागून एक रान होतं, ते कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं. दैवशालानं काय करावं? पौषात तिथं हुरड्याची आगटी पेटवली. ओळखीपाळखीच्या घरांना बोलावलं. कोवळ्या ज्वारीची कणसं, जवसाची चटणी, गूळ, दही, बोरं. बाया-पोरं दिवसभर तिथं हुंदडली, पुरुष जेवून बाभळीखाली घोरले. महिन्याभरात लोक त्या जागेला 'हुरड्याचं रान' म्हणायला लागले. मसण होतं तिथंच होतं. प्लॉट मात्र सगळे गेले. मसणाच्या भिंतीला अगदी खेटून असलेला एक प्लॉट तिनं स्वतःला ठेवला आणि त्यावर आपलं राहतं घर बांधलं. "गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारतो त्याच्याहून वाईट आपण घ्यावं," ती म्हणाली, "मंजी झोप लागती." रंगनाथला त्या दिवशी तिचा एवढा अभिमान वाटला होता की त्यानं स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते, कशाबद्दल ते न सांगता.

तर, एका हिवाळ्यात सकाळच्या वेळी दोघं आपल्या जुन्या मारुतीतून पिंगळीला एका लग्नाला निघाले होते. स्टेशनाच्या अलीकडे फाटक लागलेलं. मालगाडी निवांत चालली होती. गाडी गेली तेव्हा रुळांपलीकडून मेंढरांचा कळप येताना दिसला. वाटेत काही आडवं नाही. तरी मधेच कळप फाटला. निम्मी मेंढरं डावीकडून गेली, निम्मी उजवीकडून, आणि बरंच पुढं येऊन पुन्हा एक झाली.

"सर, ती मेंढरं कशापायी वळसा घ्यायलीत?"

"विहीर असेल मधे."

"विहीर कुठं दिसायलीय?"

ती गाडीतून उतरली. रंगनाथही उतरला. डाव्या अंगाला कापसाच्या पऱ्हाट्या, उजव्या अंगाला तूर, आणि दैवशालानं बोट केलं तेव्हा त्याला दिसलं, मधे एक रान होतं. चांगलं ऐसपैस, चौकोनी, स्टेशनाला लागून. तिनं बोट खाली घेतलं आणि त्याची नजर आपोआप कापसावर गेली. त्यानं परत शोधलं. सापडायला वेळ लागला. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

दैवशालाचा चेहरा मात्र उतरला होता. "मी ह्या फाटकातून जन्मभर जायलेय. मला कसं दिसलं न्हाई हे?"

तिला तो सरळसरळ अपमान वाटला होता. कुठल्या गल्लीत कुठला प्लॉट पडीक आहे हे झोपेत सांगणारी बाई. स्टेशनाला खेटून असलेलं एवढं मोठं रान तिच्या नजरेतून सुटावं!

मेंढरांमागून मल्हारी आला. हा पिंगळीच्या शिवारात मेंढरं राखणारा, दोघांच्या ओळखीचा. दैवशाला त्याचा कळप आपल्या रिकाम्या प्लॉटांवर बसू द्यायची, त्यामुळे तो तिला मानायचा.

"मल्हारीभाऊ, हे मधलं रान कुणाचं ओ?"

मल्हारीनं रानाकडे बघितलं नाही. तो फाटकाकडे बघत म्हणाला, "भागुबाईचं. पर ते नजरअंदाज केलेलं हाय, बाई."

"कुणी केलंय?"

"गावानंच. लय जुनं हाय ते." आणि एका मेंढीला हुसकावत तो निघून गेला. मेंढी काही चुकीच्या वाटेनं चाललेली नव्हती.

दैवशाला गाडीत बसली ती टाळी वाजवूनच. "ऐकलंत का सर? नजरअंदाज झालेलं हाय!"

रंगनाथला ते समजावून सांगायची गरज नव्हती. तलाठी बांधावर उभा राहून पिकाचा नजरेनं अंदाज घेतो, त्याला नजरअंदाज पैसेवारी म्हणतात. ती कमी निघाली की गावातल्या पोरांची परीक्षा फी माफ व्हायची, म्हणून शाळेतल्या मास्तर लोकांना हा शब्द तोंडपाठ. दोघांनाही त्याचा दुसरा अर्थ कधी लागला नव्हता. "मंजी कुणीतरी कधीतरी नजरेनंच भाव ठरवला," दैवशाला म्हणाली, "अन् कमी ठरवला. अन् गाव अजून तेच धरून बसलंय. वेडी माणसं! सर, हे रान माझं."

भागुबाई म्हणजे पिंगळीतली एक एकटी म्हातारी. पोरं पुण्याला. अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. दैवशालानं विषय काढला तशी तिचं सूप थांबलं.

"तुमाला दिसली व्हय?"

"दिसली की. एवढी मोठी जमीन हाय, मावशी."

"मला तर न्हाई दिसत. सातबाऱ्यावर माझं नाव हाय म्हणत्यात." म्हातारीनं रंगनाथकडे मान वळवली. "तुमाला दिसली का ओ, सर?"

"हिनं दाखवल्यावर दिसली."

"मंग बरं," भागुबाई म्हणाली, आणि परत सूप हलवायला लागली. व्यवहाराला तिनं आडकाठी केली नाही. जो भाव दैवशाला म्हणाली त्यावर तिनं मान डोलावली. उलट, हा भाव फार कमी होतोय, असं दैवशालाच दोनदा म्हणाली. अशी दलाल कुठं बघितलीय का तुम्ही, जी विकणाऱ्याचाच भाव वाढवून देते? रंगनाथनं बघितली होती, आणि तिच्याशी संसार केला होता. दोघांनी आयुष्यभर जे साठवलं होतं ते त्या रानात घातलं. त्याला धाकधूक वाटत नव्हती असं नाही. पण ती म्हणाली म्हणजे झालं.

अडचण एकच होती. गिऱ्हाइकं येत होती, पण त्यांना जमीन दिसत नव्हती. म्हणजे आंधळी झाल्यासारखी नव्हे. ती यायची, बांधावर उभी राहायची आणि शेजारच्या कापसाचं कौतुक करून चहा पिऊन जायची. एक जण तर स्टेशनाच्या रंगाबद्दलच बोलत राहिला. दैवशालानं दात आवळले. "थांबा. ह्यांचा हुरडा करते मी."

आणि तिनं खरंच हुरडा केला. रानाच्या कडेला आगटी पेटली. पालमचा भुजंग, कापसाचा आडत व्यापारी, आपल्या बायकोपोरांसकट आला होता. बरीच मंडळी होती. दैवशालानं सतरंज्या अशा अंथरल्या होत्या की सगळ्यांची तोंडं रानाकडे व्हावीत. पण माणसं बसली ती पाठमोरी. तिनं वाटी-चटणीच्या निमित्तानं सगळ्यांना फिरवून बसवलं. घटकाभरात परत सगळे पाठमोरे. कुणी मुद्दाम करत नव्हतं. रंगनाथनं पाहिलं, तो स्वतःही पाठमोरा बसला होता.

तेव्हा दैवशाला उठली. हिरवं लुगडं, लाल काठ. पदर खोचला आणि सरळ त्या रानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"अवो भुजंगभाऊ! इकडं बघा! माझ्याकडं बघा!"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्याकडे न बघून चालतंय होय? खणखणीत आवाज तिचा. "हा बघा, मोठा रस्ता इथनं जायलाय. ह्या बाजूला पोरांना खेळायला बाग. कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ. ही घरं पूर्वेला तोंड करून. सकाळी अंगणात ऊन, दुपारी तिथंच सावली. रेल्वे आली की पोरं गच्चीतनं टाटा करायलीत, दिसायलंय का?"

आणि तिच्याकडे बघता बघता एकेकाला रान दिसायला लागलं. रंगनाथनं ते त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं. भुवया वर गेल्या, हातातली कणसं हातातच राहिली.

"आयला," भुजंग म्हणाला, "काय जागा हाय हो ही! इतके दिस कुठं होती?"

माणसं उठली. हरखून रानात शिरली. रंगनाथचा ऊर भरून आला. असा चमत्कार करणारी बाई आपली बायको आहे, हे त्याला त्या क्षणी आगटीशेजारी उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं. मंडळी दैवशालापर्यंत पोचली. निम्मी तिच्या डावीकडून गेली, निम्मी उजवीकडून. कुणी थांबलं नाही, कुणी बोललं नाही. पुढं जाऊन सगळी परत एक झाली आणि रान बघायला लागली.

दैवशाला मधे एकटी उभी होती. तिचा हात अजून वर होता, देवळाची जागा दाखवत.

थोड्या वेळानं भुजंग आगटीपाशी आला. "सर, मानलं तुमाला. अशी जमीन हुडकून काढायला नजर लागते. बाई दिसनात कुठं? त्यांना सांगा, हुरडा एक नंबर होता."

दैवशाला त्याच्या शेजारीच दह्याचं भांडं घेऊन उभी होती. तिनं रंगनाथकडे बघितलं आणि खुदकन हसली. तिला वाटलं, भुजंग मस्करी करतोय.

त्यानंतर जमिनीचं नाव असं झालं म्हणता! इसार द्यायला लोक रांगेनं उभे. पालमहून, जिंतूरहून लोक नुसतं बघायला यायचे. चारठाण्याची माणसं, ज्यांच्या गावात पावलापावलाला कोरीव देवळं आहेत, तीही बांधावर उभी राहून म्हणाली, अशी जागा बघितली नाही. भाव वाढत गेला. ज्याला विचारावं तो जमिनीचं कौतुक करायचा, आणि जमिनीचं करून झालं की रंगनाथ सरांचं. सरांनी हेरली, सरांनी केली. तो दर वेळी म्हणायचा, "अहो, हे सगळं हिचं आहे." समोरचा हो हो म्हणायचा आणि परत जमिनीबद्दल बोलायला लागायचा.

पहिले काही दिवस दैवशालानं ते थट्टेवारी नेलं. रिक्षा तिच्यासाठी थांबेना, भाजीवाली तिच्या हातातली मेथीची जुडी काढून मागच्या बाईला देई. "सर," ती म्हणाली, "तुमच्या आईला वाटायचं ना सून दिसू न्हाई अन् कळू न्हाई? फिटली बघा त्यांची हौस."

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. ती शेजारच्या गीताबाईंकडे गेली, आणि लवकरच परत आली. हातात वाण नव्हतं. मी पाटावर बसले होते, ती म्हणाली. गीताबाई ओळीनं कुंकू लावत आल्या. माझ्या शेजारणीला लावलं. मग बोट माझ्या कपाळासमोरून पुढं गेलं, पलीकडच्या बाईला लागलं. मी म्हटलं, अवो गीताबाई. त्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं, वाऱ्यानं दार वाजलं का म्हणून.

रंगनाथ उठला. त्यानं देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि तिच्या कपाळाला स्वतः कुंकू लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते वाकडं लागलं.

त्याच आठवड्यात तिच्या बहिणीचा, राजेश्रीचा, जिंतूरहून फोन आला. फोन स्पीकरवर होता. "दाजी," राजेश्री म्हणाली, "जेवणाचं कसं करायलात ओ? एकट्या माणसाचे लय हाल."

दैवशाला पोळ्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली बसली. "माझी पाठची बहीण हाय ती, सर," एवढंच म्हणाली आणि रडली. रंगनाथनं तिला रडताना यापूर्वी फक्त तिच्या वडिलांच्या वेळी पाहिलं होतं.

ते दोघं भागुबाईकडे गेले. म्हातारीनं रंगनाथला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. एकच तांब्या, एकच फुलपात्र.

"मावशी," तो म्हणाला, "त्या जमिनीला नजरअंदाज कशासाठी केलं होतं? भाव कमी कशानं लावला?"

"कशाचा भाव?" भागुबाई गोंधळली. "नजरअंदाज मंजी काय कळलं तुमाला, सर? आमचे सासरे निजामाच्या शाळंत उर्दू शिकलेले, त्यांचा शब्द हाय तो. नजरअंदाज करायचं मंजी तिच्याकडं बघायचं न्हाई. काणाडोळा करायचा. समद्या गावानं मिळून ठरवलेलं."

"का पण?"

"आता बघितल्याबिगर कसं कळावं? अन् बघू तर कुणी दिलं न्हाई."

"पण मग माझ्या बायकोचं..." रंगनाथनं शेजारी हात केला. दैवशाला बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. बाज त्या बाजूला दबलेली होती. "हिला सांगा ना काय करायचं ते."

भागुबाईनं बाजेकडे बघितलं, मग अंगणातल्या कोंबडीकडे, मग परत त्याच्याकडे. तिचे डोळे मऊ झाले. "चहा टाकते तुमाला," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

दैवशालानं गाडीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "धोका कसा पेरायचा तेबी मला येतंय, सर. त्या जमिनीचं नाव खराब करू. लोकांनी तिच्याकडनं तोंडं फिरवली की मी परत दिसंन." आयडिया तिचीच, पण बोलायचं त्यानं, तिचं ऐकणार कोण होतं? रंगनाथनं चार लोकांत सांगितलं, तिथलं पाणी खारट आहे. लोक हसले. सर चेष्टा करायलेत, म्हणाले. त्यानं सांगितलं, तिथं माणसाला बरं वाटत नाही. भुजंग म्हणाला, "सर, भाव वाढवायची ही नवीनच तऱ्हा दिसायलीय," आणि आणखी एक प्लॉट मागितला.

"मी माझं काम लय चांगलं केलं सर," दैवशाला म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, आणि रंगनाथला शपथेवर सांगता आलं असतं, थोडा अभिमानही होता. "आता ते मलाबी मोडता यीना."

मग राहिला तो एकटा. साऱ्या परभणी जिल्ह्यात दैवशाला आता फक्त त्याला दिसत होती, आणि त्याला न दिसली तर संपलंच. हे दोघांनी एकमेकांना बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून जेवणं झाली की बैठकीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर यायच्या. गुडघ्याला गुडघा. ती बसायची आणि तो बघायचा. कानाच्या पाळीखालचा तीळ. डाव्या भुवईत पांढरा झालेला एकच केस. हसताना आधी उजवा गाल हलायचा. केवढी देखणी बाई, त्याला वाटायचं, आणि आपण इतकी वर्षं हिचं फक्त डोकंच बघत आलो.

"सर, पेपर तपासल्यासारखं नका बघू. चुका काढायच्या न्हाईत."

"पैकीच्या पैकी आहेत," तो म्हणायचा.

भुजंगच्या प्लॉटचं भूमिपूजन निघालं. कागदावर आता रंगनाथची सही लागायची, त्यामुळे गेल्यावाचून सुटका नव्हती. दैवशालानं त्याच्या सदऱ्याची बटणं लावली. "जा अन् या. जमिनीकडं बघू नका मातर."

"नाही बघत."

"माझी आण?"

"तुझी आण."

आणि तो खरोखर बघत नव्हता. त्यानं नारळाकडे बघितलं. विटेवरच्या हळदीकडे बघितलं. भटजींच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. पायाखालच्या मातीकडे बघायचीही त्याला चोरी होती, म्हणून तो लोकांच्या चपला बघत राहिला.

पूजा आटोपली. भुजंगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमी केलंय हे समदं. एकदा मान वर करून बघा तर खरी."

माणूस असं म्हटलं की मान वर होतेच.

दुपारचं तिरपं ऊन. काळी, भुसभुशीत माती, नुकतं पाणी शिंपडल्याचा वास. आखलेल्या चुन्याच्या रेघा. पलीकडे स्टेशनाची बाकं, त्यांवर कुणी बसलेलं. सगळं जिथल्या तिथं, कुठं काही कमी नाही, जास्त नाही.

किती सुंदर होती ती जमीन.

त्याला मोठा रस्ता दिसला. बाग दिसली. कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ दिसलं. घरं पूर्वेला तोंड करून, सकाळी अंगणात ऊन, दुपारी तिथंच सावली. गच्चीतून टाटा करणारी पोरं दिसली.

किती छान सुचलं आपल्याला, त्याला वाटलं.

तो बराच वेळ उभा राहिला.

भुजंगनं त्याला आपल्या गाडीतून घरापर्यंत सोडलं. "घरी कोण कोण असतंय, सर?" त्यानं वाटेत विचारलं.

"कुणी नाही," रंगनाथ म्हणाला. "मी एकटाच."

दार नुसतं लोटलेलं होतं. कुलूप न लावता गेलो, वयाचा परिणाम, त्यानं स्वतःवर चिडून म्हटलं. ओट्यावर चहा झाकून ठेवलेला होता. गरम होता. त्यानं तो उभ्यानंच प्यायला. आलं घातलेलं होतं, साखर बेताची. आपल्याला चहा चांगला जमतो, हे मात्र खरं.

बैठकीत दोन खुर्च्या मधोमध पडल्या होत्या, तोंडाला तोंड लावून. कोण आलं होतं काल, ते त्याला आठवेना. जाता-येता पायात येतात म्हणून त्यानं त्यातली एक भिंतीकडे सरकवायला घेतली.

साधी प्लास्टिकची खुर्ची. सरकवताना त्याला दोन्ही हात लावावे लागले.